पाच मिनिटांचं चित्र

टेबलावर उताणं पडताना डॉक्टर एचाग्वे कण्हले. कण्यातली कळ त्यांना पाठ टेकू देत नव्हती. मशिन चालवणाऱ्या ओतिलियाने त्यांचे हात पट्ट्यांनी अंगालगत बांधले. स्कॅनसाठी सकाळी शिरेत टोचलेलं किरणोत्सारी औषध एव्हाना हाडांत उतरलं होतं.

रोसारिओ शहरातल्या त्या इस्पितळात स्कॅनचा हा विभाग त्यांचाच. हाडांचं वीस मिनिटांचं स्कॅन पाच मिनिटांत उरकायची युक्ती त्यांनीच आणली होती. घाईत टिपलेलं अंधूक चित्र, हजारो जुनी चित्रं पाहून शिकलेला संगणक लख्ख करून द्यायचा.

"पाच मिनिटांत मोकळे व्हाल," ओतिलिया म्हणाली.

"नको. पूर्ण वीस घे."

"का बरं? तुमचंच तर लाडकं बाळ ते!"

"थट्टा नको गं. कॅन्सरचे बारीक डाग पुसून टाकतं ते कधी कधी."

"हे कधीपासून ठाऊक आहे?"

डॉक्टरांनी मान वळवली.

"माझ्या बहिणीला पाच मिनिटांत घरी धाडलंत. पुन्हा करा म्हणून हातापाया पडले मी. 'चित्र स्वच्छ आहे, तू आपली बटणं दाब,' म्हणालात. चार महिन्यांत पुरलं तिला."

"तेव्हा शंका होती नुसती. खात्री नव्हती."

शंका होती! ओतिलियाने त्यांच्या उजव्या हाताची पट्टी सोडली, हातात पेन दिलं आणि कोरा कागद समोर धरला.

"आत्ता बोललात तेच लिहा. खाली सही. बाहेर अकरा जण थांबलेत, त्यांचंही पूर्णच होईल."

"माझी खुर्ची जाईल, ओतिलिया."

"ठीक. मग लावते पाच मिनिटांचं."

तिचा अंगठा बटणावर टेकला. डॉक्टरांनी घाईघाईने लिहिलं. अक्षर वेडंवाकडं, पण सही ओळखू येण्याजोगी. ओतिलियाने कागद घडी करून खिशात घातला, पट्टी पुन्हा बांधली. पहिल्यापेक्षा घट्ट.

मशिनची चित्र टिपणारी थाळी डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आली. सरकू लागली. हळू, पुरी वीस मिनिटं.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानात शिरत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता. "ओतिलिया, जरा..." ते पुटपुटले.

तिच्या मुठीत रुमाल होता.

"हलायचं नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "चित्र बिघडतं."