बाबांचं माप

“जुन्याच राहू दे की पिशव्या,” बाबांच्या काळापासून बोट सांभाळणारे मिस्त्रीकाका तिसऱ्यांदा म्हणाले.

“काका, वीस वर्षं झाली त्यांना. बटण दाबलं की खालून नुसतं खोकल्यासारखं येतंय,” ती म्हणाली. “नवा पंप, नव्या पिशव्या, नवे पाइप. माप मात्र बाबांचंच.”

बोट शेडमध्ये ट्रेलरवर चढवलेली होती. स्टिअरिंगशेजारी बाबांच्या अक्षरातली पट्टी अजून चिकटून होती: डावी शंभर, उजवी शंभर, मधली ऐंशी. सीटखालच्या तीन पिशव्यांत एवढे किलो पाणी भरलं की बोट मागून खाली बसते, आणि बोट जड तेवढी तिच्यामागची लाट उंच. पायांना वेकबोर्डची फळी अडकवून, बोटीला बांधलेला दोर धरून ती त्या लाटेवरून उडायची. बाबा तिला बेडकी म्हणायचे. चारचौघांत म्हणायचे, हा त्यांचा एकमेव अक्षम्य गुन्हा.

त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. बोटीवरची ताडपत्री तिने या महिन्यात काढली, तीही क्लबचं पत्र आलं म्हणून. मुलांना शिकवायला येशील का, असं त्यांनी विचारलं होतं आणि सोमवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. पाण्यावर परतायला तिचा जीव तुटत होता.

“मग घोडं अडलं कुठे?” काकांनी विचारलं.

“मला येत कुठे होतं, काका? लाट बाबांची. मी आपली आयत्या बिळावर नागोबा.”

ती हसून म्हणाली, पण हे तिने कधीच हसण्यावारी नेलं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचूनही ती गेली नाही. तिथली बोट परकी होती. बाबांनी तेव्हा दोन दिवस धड जेवलेही नव्हते.

“एकदा त्यांच्या लाटेवर पलटी मारून बघायचीय,” ती म्हणाली. “जमली तर क्लबला हो म्हणते. नाही जमली तर बोट विकते.”

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. “जा, माझ्या गाडीतून मोठा पाना घेऊन ये.”

ती पाना शोधून परतली तोवर जुन्या पिशव्या पोत्यात कोंबून झाल्या होत्या. “कुजल्यात. वास मारतील,” पोत्याचं तोंड आवळत काका म्हणाले.

दुपारभर दोघं खपले. ती टॉर्च धरून बसली आणि एकेक आठवत गेलं. ती बोटीच्या मागच्या फळीवर बसून बुटाचे पट्टे आवळायची, बाबा बटण दाबायचे आणि खालून घुर्रर्र आवाज सुरू व्हायचा. ती विचारायची, भरलं? बाबा म्हणायचे, काठोकाठ. पिशव्यांवरच्या सीटच्या झाकणांना दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. आईने एकदा तिथे ओले टॉवेल ठेवायला सीट उचलली, तर घरात महाभारत झालं.

संध्याकाळी बोट पाण्यात उतरली. काकांनी पट्टीवरच्या मापाने तिन्ही पिशव्या भरल्या. बोट मागून चांगलीच बसली.

पहिल्याच खेपेला लाटेने तिला आडवं भिरकावलं. दुसऱ्या खेपेला नाकातोंडात पाणी गेलं. तिसऱ्यांदा पाण्यातून वर यायला तिने इतका वेळ लावला, की काकांनी इंजिन बंद करून हाका मारल्या.

“लाट जरा जास्तच झाली का गं?”

“बाबांची याहून मोठी होती.” ती बोटीला धरून लोंबकळत होती. “माझ्यातच राम नाही, काका. तेव्हाही नव्हता.” आणि ती रडायला लागली, लहान असताना रडायची तशीच, भोकाड पसरून.

काका तिला रडू देत राहिले. मग म्हणाले, “उद्या सकाळी ये. नव्या पाइपात हवा राहते. मला एकदा बघू दे.”

सकाळी पाणी अगदी निवांत होतं. ती मागच्या फळीवर बसून पट्टे आवळत होती. काकांनी बटण दाबलं आणि खालून तोच आवाज आला, घुर्रर्र.

“भरलं?” तिने विचारलं.

“काठोकाठ,” मागे न बघता काका म्हणाले.

बोट सुटली, लाट उठली. डोळ्यांआधी तिच्या गुडघ्यांना ती ओळखू आली. ती टाचेवर झुकली, बाहेरून वळसा घेऊन आत आली, आणि आभाळ खाली, पाणी वर झालं. दोन्ही पाय अलगद टेकले. तिने दुसऱ्या बाजूनेही तेच केलं. मग दोर सोडून दिला आणि पाण्यात हात आपटत ओरडत राहिली, “हीच! हीच ती! बाबांची!”

ती बोटीवर चढली. “क्लबला आजच कळवते. पण अट एकच. बोट हीच आणि पाणीही एवढंच. याच्याशिवाय मला जमायचं नाही, काका. काल जीव कंठाशी आला होता.”

काका दोर गुंडाळत होते. ते थांबले.

“तुझ्या बाबांना मी गप्प राहायचा शब्द दिला होता,” ते म्हणाले. “पण तू आता पुन्हा एकोणिसाव्या वर्षी केलंस तेच करायला निघालीस.”

त्यांनी उठून मागच्या सीटचं झाकण उघडलं. तिन्ही नव्या पिशव्या चपट्या पडल्या होत्या, आत थेंबभर पाणी नव्हतं, आणि त्यांच्या शेजारी इंजिनाजवळची हवा बाहेर टाकणारा पंखा एकटाच घुरघुरत होता.

“बाबा असतानाही अशाच असायच्या,” काका म्हणाले.