नत्थूजीच्या हाताचा वास

या, असे जवळ सरकून बसा. चुटकीएवढीच गोष्ट आहे, पण कान देऊन ऐकाल तर दिवसभर पुरेल.

कळमेश्वरजवळच्या डिस्टिलरीत मालक आनंदरावांच्या टेबलावर अमेरिकेची एक बाटली उभी होती. निव्वळ जवाची व्हिस्की, सिंगल माल्ट. जावईबापूंनी तिकडच्या एका मित्राच्या डिस्टिलरीतून आणलेली. आठ वर्षं मुरलेली आहे, असं ते सांगत होते. आनंदरावांना त्या मालाची दोनशे पिपं मागवायची होती. पण वीस वर्षांत डिस्टिलरीतल्या चाखणाऱ्यानं, नत्थूजीनं, चाखल्याशिवाय त्यांनी काही घेतलं नव्हतं.

आणि नत्थूजीनं तर मागच्याच महिन्यात कीर्तनात बुवांच्या हातून तुळशीची माळ घातलेली.

"माळ दोन मिनिटं खुंटीले टांगा गा नत्थूजी," आनंदराव म्हणाले. "देव काय मोजून राहिला?"

"जीभ देवाले देली, मालक. नाक अजून तुमच्याच नोकरीत हाये."

नत्थूजीनं चमचाभर दारू तळहातावर ओतली, हात खसाखसा चोळले आणि ओंजळ नाकाशी धरून डोळे मिटले. जावईबापू गालात हसले.

"वरतून नव्या लाकडाचा गोडवा हाये. आतून भिजल्या जवाचा वास येते, कणकीवानी. लेकरू हाये हे, मालक. दोन वर्षांच्या वर नाई."

"वासावरून वर्षं सांगता?" जावईबापूंनी विचारलं.

"तुमच्या मित्राले विचारा."

 जावईबापू हळूच म्हणाले, "त्यानं चिठ्ठीत दोनच वर्षं लिहिली होती. मला आठची वाटली, म्हणून मीच..."

आनंदरावांनी बाटलीला बूच लावलं.

नागपुरात सक्करदऱ्याला घरी आल्यावर नत्थूजीनं हात साबणानं धुतले, राखेनं घासले, वर लिंबू चोळलं. वास काही जाईना. बायकोनं, रुखमाबाईनं, दारातच वाट अडवली.

"आवो, आज नोका जाऊ कीर्तनाले. माळ घालून महिना झाला नाई. लोक काय म्हनतीन?"

"घरात लपून बसलो, त पेलीच म्हनतीन." त्यानं टोपी घातली. "सरक वं."

देवळात तो रोजच्यासारखा पहिल्या रांगेत बसला. शेजारच्या महादेवरावांनी दोनदा नाक ओढलं, त्याच्या गळ्याकडे पाहिलं आणि आपलं बसकर उचललं.

"बरं हाये गा नत्थूजी. गळ्यात माळ, अन् वास असा?"

"वास हाताले हाये, महादेवराव. तोंडाले नाई. तोंड हुंगून पाहा."

महादेवराव कशाला हुंगतात. ते हातभर सरकले. त्यांच्या मागचे दोघंही सरकले. भरल्या देवळात नत्थूजीभोवती एवढी जागा मोकळी झाली, की आणखी तिघं बसले असते.

बुवांनी नामाचा गजर सुरू केला. टाळ्या पडू लागल्या. नत्थूजीचे हात क्षणभर मांडीवर थांबले. मग त्यानं ते उचलले, पार कानांच्या वर नेले आणि साऱ्या देवळात ऐकू जाईल अशी टाळी दिली. टाळीगणिक वास उठत होता. टाळी थांबली नाही.

तेव्हा बाप्पा हो, एवढं करजा. कीर्तनात कधी कोणाच्या शेजारी अशी मोकळी जागा दिसली, तर आमच्या नत्थूजीची याद करजा, अन् तिथं जाऊन बसजा.