सत्तेचाळीस क्रमांकाची हजेरी

शशिकलाबाई रोज सकाळी मिरजेच्या स्मृतिकेंद्रात यायच्या. त्यांच्या दिवंगत यजमानांचं मन तिथल्या महासंगणकाच्या सत्तेचाळिसाव्या प्रोसेसरवर ठेवलेलं होतं. केंद्रातला हणमंत, बाईंचाच जुना विद्यार्थी, एका ओळीची आज्ञा टाईप करून त्याची स्थिती विचारायचा. पडद्यावर ‘चालू’ उमटलं की बाई घरी जायच्या. त्या यजमानांशी बोलत नसत. शेवटच्या बोलण्यात ते म्हणाले होते, “दमलोय गं, आता झोपू दे.” नुसती स्थिती विचारली तर झोप मोडत नाही, असं बाईंना वाटायचं.

आज हणमंतने कीबोर्डला हात लावला नाही.

“बाई, तेरा दिवस काम नसलं की तेराव्या दिवशी संध्याकाळी पाचला प्रोसेसर कायमचा बंद होतो. सरांचा का होत नाही, ते काल कळलं. स्थिती सांगायला त्याला जागं व्हावं लागतं.”

“हजेरी घेतली की पेंगणारं पोर उठतं, तसं?”

“तसंच.”

“म्हणजे चार वर्षं मी त्यांना रोज उठवतेय.” बाई हणमंतकडे वळल्या. “शाळेतही तू उशिराच यायचास, हणमंता. हेही उशिरा सांगितलंस.”

त्या दिवशी त्यांनी विचारू दिलं नाही. तेराव्या दिवशी दुपारी त्या पुन्हा आल्या.

“अजून आहेत का रे?”

“पाच वाजेपर्यंत आहेत. विचारू का, बाई? आणखी तेरा दिवस मिळतील.”

बाईंनी त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि पाच वाजेपर्यंत सोडला नाही.