बोलका टॅग

नव्या बोगद्यातल्या कामगारांच्या हेल्मेटसाठी टॅग निवडायचे होते. विक्रेत्याने दोन नमुने माझ्या टेबलावर ठेवले. "हा ॲक्टिव्ह. बॅटरी असते, माणूस कुठंय ते स्वतःहून सांगत राहतो. हा पॅसिव्ह. मुखदुर्बळ म्हणा. यंत्र जवळ नेलं तरच बोलतो." वहिनीने कागदांतून मान वर केली. जुना बोगदा कोसळून दादा गेला, तेव्हापासून ती माझ्याच ऑफिसात होती. "ह्यांचा कोणता होता, भाऊजी?" "पॅसिव्ह." "मग आता बोलका घ्या," ती म्हणाली. "तेव्हा निदान कळलं असतं, आत जीव आहे की नाही." मी ॲक्टिव्हवर बोट ठेवलं. दादाचाही तसलाच होता. तीन दिवस स्क्रीनवरचा त्याचा ठिपका जागचा हलला नाही, म्हणून बोगद्याचं तोंड मी काँक्रीटने बुजवून घेतलं. चौथ्या दिवशी ठिपका त्या तोंडाकडे सरकू लागला. मी स्क्रीन बंद केली.