कुलदीपची बॅटिंग

"मयूर, तुह्या कम्प्युटरात आमचा कुलदीप खेळते म्हणे. दाखव बरं मले."

वच्छलाबाई दुकानाच्या दारातच उभी होती. रामाकोन्याहून दुपारच्या बसनं ती सौंसरला आली होती. मयूर झेरॉक्स काढत होता. त्याचा हात मशीनच्या झाकणावरच राहिला.

"कोणं सांगतलं, काकू?"

"चंचलनं. भाऊ गेला, पण मयूरदादाच्या गेममधी हाये म्हणे."

गेल्या हंगामात संत्र्याच्या ट्रकनं मोहगावच्या वळणावर कुलदीपची मोटारसायकल उडवली होती. त्यानंतर मयूरनं तो गेम उघडला नव्हता. पण वच्छलाबाई आत येऊन स्टुलावर बसलीसुद्धा.

गेम क्रिकेटचा, खूप जुना. खऱ्या खेळाडूंची नावं वापरायची परवानगी नसल्यानं त्यात सगळी वेडीवाकडी नावं होती. कॉलेजात असताना मयूरनं ती पुसून आपली रामाकोन्याची टीम भरली होती. नावं तेवढी बदलली. बॅटिंग-बोलिंगचे आकडे त्या जुन्या खेळाडूंचेच राहिले.

मॅच सुरू झाली. कुलदीप आणि मयूर ओपनिंगला आले.

"हा खाली नाव आलं पाहा. हा कुलदीप."

वच्छलाबाई पुढे सरकली. पडद्यावरच्या माणसानं बॅट टेकवली.

"हा डावखुरा कसा?"

"पहिलेचा खेळाडू डावखुरा होता, काकू. मी नुसतं नाव बदलवलं."

"मंग आता हात बदलव. माह्या पोराले उजव्या हातानं खेळू दे."

मयूरनं मॅच थांबवली, कुलदीपचं पान उघडलं आणि हात बदलला.

"अजून काय लिहिलं हाये त्याच्याबद्दल?"

"वय एकतीस लिहिलं हाये. तेही चूकच हाये. चोवीस करतो."

वच्छलाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "ते राहू दे."

मयूरनं मॅच पुन्हा सुरू केली. आता कुलदीप उजव्या हातानं खेळत होता. पहिलाच बॉल त्यानं स्टेडियमबाहेर टोलवला. दुसराही. तिसरा पायापाशी आला, तोही गेला. मयूरनं हळूच बाजूला पाहिलं. तिला बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं. वच्छलाबाईचा चेहरा मात्र उतरत चालला होता.

"इतका कसा मारून राहिला?"

"त्याचे आकडे मोठे हायेत, काकू. हा आउटच होत नाही."

"असा नव्हता तो. दोन चौके मारे, लोकं ओरडले का त्याच्या अंगात येऊन जाय. मंग कोणताही बॉल उचले. मी वावराच्या धुऱ्यावर उभी राहून पाहो नं." तिनं पडद्याकडे बोट केलं. "हा दुसऱ्याच कोणाचा पोरगा हाये."

एक माणूस आधार कार्ड घेऊन दारात आला. "मशीन बंद हाये," मयूर म्हणाला. मशीनचा हिरवा दिवा चालूच होता. माणूस त्याच्याकडे बघत निघून गेला.

मयूरनं पुन्हा कुलदीपचं पान उघडलं. बॅटिंगपुढे नव्वदच्या वरचा आकडा होता. त्यानं तो थोडा उतरवला, मग आणखी थोडा. प्रत्येक वेळी बटण दाबताना, मित्राच्या माघारी आपण त्याची निंदा करतोय असं त्याला वाटत होतं.

"किती ठेवू, काकू?"

"मले काय समजते? तू संगं खेळत होता त्याच्या."

मयूरनं आणखी एकदा बटण दाबलं. संयमाचा आकडा तर त्यानं तळालाच नेला.

कुलदीप पुन्हा उतरला. एक-दोन बॉल चाचपडला. मग एक चौका गेला. वच्छलाबाई सावरून बसली. थोड्या वेळानं दुसरा गेला, आणि तिनं पदराचं टोक मुठीत धरलं.

"आता पाह्य," ती पुटपुटली. "आता उचलते."

बॉल आला. कुलदीप दोन पावलं पुढे धावला आणि त्यानं आंधळ्यासारखी बॅट फिरवली. बॉल सरळ आभाळात गेला, खाली आला आणि कोणाच्या तरी हातात बसला.

वच्छलाबाई हसली. तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत हसली. "पाह्यलं? शेवटपर्यंत शिकला नाही मेला!" आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर एकदम गप्प झाली.

पडद्यावर कुलदीप बॅट काखेत मारून सीमारेषेकडे चालू लागला. तो बाहेर गेला. नाव पुसलं गेलं, दुसऱ्याचं आलं.

मयूरनं गेम बंद करायला हात पुढे केला.

"थांब. आता तो फिल्डिंगले येईन नं?"

"येईन, काकू. पण तुमची बस..."

बाहेर कंडक्टर रामाकोन्याच्या नावानं ओरडत होता. वच्छलाबाई उठली नाही. मयूरनं बाकीचे गडी भराभर आउट करून टाकले, स्वतःलासुद्धा. बस हॉर्न वाजवत दुकानासमोरून निघून गेली.

हिरव्या मैदानावर अकरा जण पसरले. सगळ्यांचे कपडे पांढरे, अंगलोट एक, टोपीखाली तोच सपाट चेहरा. नाव फक्त बॉल टाकणाऱ्याचं दिसत होतं, आणि तो कुलदीप नव्हता.

वच्छलाबाईनं काचेवर बोट ठेवलं. एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर ते सरकत राहिलं.

"मयूर, ह्याच्यातला आपला कोणता?"

मयूरही तोच शोधत होता.