लिफ्ट पडलीच नाही

मुलुंडच्या एका नव्याकोऱ्या टॉवरची लिफ्ट पाचव्या मजल्यावरून थेट खाली कोसळली. म्हणजे, नाही कोसळली. असं काही घडलंच नाही, कारण त्या बिल्डरची पानभर जाहिरात रविवारच्या पेपरात यायची होती.

पंचाईत एवढीच, की पेपरचा वार्ताहर चैतन्य तेव्हा त्याच लिफ्टमध्ये होता. हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या त्याने मोबाईलवर बातमी टाइप करून पाठवली. लगेच संपादक कमलताईंचा फोन आला.

"वाट लावशील रे आमची! 'कोसळली' काय लिहितोस? 'झटकन उतरली' लिही ना."

"ताई, माझा पाय मोडलाय!"

"मग तर तुझा स्वार्थ आला त्यात. पत्रकाराने तटस्थ राहावं, चैतन्य. बातमी रद्द."

रविवारी जाहिरात दिमाखात छापून आली : 'मुलुंडमधली सर्वांत वेगवान लिफ्ट!' सोमवारी चैतन्यने रजा मागितली, तर ऑफिसने अपघाताचा पुरावा म्हणून आपल्याच पेपरातलं कात्रण मागितलं. त्याने अर्ज लिहिला.



"माननीय व्यवस्थापक, सोबत जाहिरातीचे कात्रण जोडून नम्र विनंती की, न झालेल्या अपघातात मोडलेल्या पायासाठी मला दीड महिन्याची भरपगारी रजा मंजूर व्हावी."