आईंचा राग

भागीरथीबाई गेल्या, तेव्हा त्यांच्या आठवणी आपल्या डोक्यात घ्यायला मुलांपैकी कुणीच तयार होईना. शेवटी डॉक्टरांनी त्या आठवणी सुनेच्या, रोहिणीच्या डोक्यात भरल्या. तेव्हापासून मिरजेच्या घरी माणसांची रीघ लागली. आई आपल्याविषयी काय म्हणायची, हे प्रत्येकाला ऐकायचं होतं, आणि गोड तेवढं सांगून रोहिणी थकली होती. एकटीने खानावळ चालवून पाच मुलं वाढवलेल्या बाईचा शीणही आता तिच्याच अंगात उतरला होता.

तेराव्याला नणंद शैला आली. घरी न सांगता लग्न करून गेलेली, ती आजच परतत होती.

"वहिनी, आईनं मला माफ केलं होतं का गं?"

'हो' रोहिणीच्या ओठांवर आलं, पण खोटं बोलण्याचंही त्राण उरलं नव्हतं.

"नाही, वन्सं. शेवटपर्यंत राग होता. तुमच्या आवडीची कटाची आमटी त्यांनी पुन्हा कधी केली नाही."

शैलाने डोळे पुसले. मग जवळ सरकली.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ. तो राग माझ्या डोक्यात घालू देत. तू कशाला वाहतेस? माझा आहे तो."

रोहिणीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिथेच तिला झोप लागली.